तासाभरावरचं डॉर्चेस्टर

मंदाताईंना विमानात बसवायचं नाही, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, तेव्हा मी इंग्लंडच कॅनडातल्या आमच्या वॉटर्लूजवळ आणायचं ठरवलं. (मी रिटायर्ड इंजिनियर आहे. घरात यापेक्षा धोकादायक प्राणी नाही. त्याच्याकडे हत्यारं असतात, भरपूर वेळ असतो आणि त्याला कुणी काही विचारलेलं नसतं.)

मंदाताई म्हणजे मंदाकिनी, माझ्या बायकोची, सुनेत्राची, थोरली बहीण. या नात्याला मराठीत आकडसासू म्हणतात. शब्द नुसता ऐकला तरी माणूस खुर्चीत सरळ बसतो. पण ताई तशा कधीच नव्हत्या. मी नोकरी शोधत विनिपेगला येऊन पडलो, तेव्हा मला पहिला जाड कोट त्यांनी घेऊन दिला, पहिली पुरणपोळी त्यांनी खाऊ घातली, आणि मी बर्फावर पहिल्यांदा आपटलो तेव्हा न हसणाऱ्या त्या एकट्याच होत्या. (सुनेत्रा अजून हसते.)

त्यांचे यजमान, डॉक्टर विश्वनाथ, सर्जन होते. लग्न झाल्या झाल्या दोघं इंग्लंडला गेली, डॉर्चेस्टर नावाच्या गावी. तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टरांना नोकरी होती. तीन-चार वर्षांनी तिथून विनिपेगला आली आणि मग सगळं आयुष्य विनिपेगमध्येच गेलं. मूलबाळ झालं नाही. वीसएक वर्षांपूर्वी डॉक्टरही गेले. ताई त्यांच्या कॉन्डोत एकट्या राहायच्या, मंडळाच्या गणपतीत मोदक करायच्या, आणि आमच्याकडे या म्हटलं की "तुमच्याकडे उकाडा फार" म्हणायच्या.

मग त्या विसरायला लागल्या. आधी गॅस बंद करायला, मग बिल्डिंगचा दरवाजा कुठल्या किल्लीने उघडतो ते. शेजारणीचा फोन आला, तेव्हा आम्ही जाऊन त्यांना वॉटर्लूला घेऊन आलो. ते दोन हजार सोळा साल.

विसरण्याचीही एक रीत असते, हे मला तेव्हा कळलं. ताई अलीकडून पलीकडे विसरत गेल्या. वॉटर्लू तर त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही. मग विनिपेग गेलं. चाळीस-बेचाळीस वर्षं, बर्फ ओढणाऱ्या गाडीने रस्ता साफ करावा तशी गेली. आणि खाली राहिलं डॉर्चेस्टर, लख्ख, नवंकोरं. बेकरीच्या वरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, पहाटे जिन्यातून वर येणारा पावाचा वास, बुधवारचा बाजार. बाजारात गाई-मेंढ्यांपासून लोणीपर्यंत सगळं. आणि रोमन.

रोम इटलीत आहे एवढं मला माहीत होतं. रोमन लोक दोन हजार वर्षांपूर्वी इंग्लंडात घुसले, त्यांनी हे गाव वसवलं, भोवती दगडी भिंत घातली, खेळ बघायला मातीचं गोल मैदान केलं, घरांच्या जमिनींवर रंगीत खड्यांची नक्षी काढली आणि थंडीला कंटाळून परत गेले, हे सगळं मला ताईंनी सांगितलं. (आम्हीही थंडीला कंटाळलोच आहोत. पण आमचं मॉर्गेज होतं.) भिंतीचा आता एक तुकडाच उरलाय म्हणे. डॉक्टर त्यांना पहिल्या संध्याकाळी फिरायला घेऊन गेले ते थेट त्या तुकड्याशी.

"सुनेत्रा, मला एकदा तिथे ने ना गं," त्या म्हणायच्या.

सकाळी म्हणायच्या, दुपारी म्हणायच्या, जेवताना म्हणायच्या. सुनेत्रा "नेते हं" म्हणायची आणि वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडायची. नळ बराच वेळ चालायचा.

मी कॉम्प्युटरवर बसलो होतो. विमानाला डॉक्टर नाही म्हणाले तरी निदान नकाशा मोठा करून ताईंना दाखवावा, म्हणून मी डॉर्चेस्टर टाइप केलं. कॉम्प्युटरने उत्तर दिलं: गाडीने एक तास.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आमच्याच ऑन्टॅरिओत, हायवे चारशे एकच्या कडेला, डॉर्चेस्टर नावाचं एक छोटं गाव बसलं होतं. इंग्लंडातून इथे येऊन राहिलेल्या लोकांना सामान फार आणता आलं नसावं. नावं तेवढी आणली. वॉटर्लूहून निघालं की केंब्रिज लागतं. पुढे ऑक्सफर्ड काउंटी. मग डॉर्चेस्टर. त्याच्या पलीकडे लंडन. लंडनमधून नदी वाहते, तिचं नाव थेम्स. इतकी वर्षं मी या रस्त्याने जाऊन येत होतो आणि मला एकदाही वाटलं नव्हतं की आपण इंग्लंडात आहोत. पण मला स्मृतिभ्रंश कुठे झाला होता!

"अगं, डॉर्चेस्टर तासाभरावर आहे," मी स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं.

"कुठलं?"

"आपलं."

"आपलं म्हणजे?"

"ऑन्टॅरिओतलं. तिथे चर्च आहे, तळं आहे, जुनी घरं आहेत. ताईंना काय कळणार आहे?"

सुनेत्राने गॅस बारीक केला. तिने गॅस बारीक केला की मला कापरं भरतं.

"तुम्ही माझ्या बहिणीला फसवणार?"

"फसवणार नाही. फक्त दुरुस्त करणार नाही."

तेवढ्यात बाहेरून ताईंचा आवाज आला, "सुनेत्रा, आज बुधवार आहे ना गं? बाजाराला जायचंय." (ताईंच्या आठवड्यात सातही बुधवार असायचे.) सुनेत्रा नळाकडे निघाली, दारात थांबली आणि म्हणाली, "शनिवारी जाऊ."

आमची मुलगी ईशिता टोरोंटोला असते. तिला फोनवर ही योजना मी अभिमानाने सांगितली.

"बाबा, दॅट्स गॅसलायटिंग!"

"लाइट पेटलाय का ते बघतो," मी म्हटलं आणि फोन घेऊन बेसमेंटमध्ये गेलो, कारण घर गरम ठेवणारा आमचा गॅसचा फर्नेस आदल्या आठवड्यातच सर्व्हिस केला होता. गॅसलायटिंग म्हणजे माणसाला त्याच्याच डोक्याबद्दल शंका यायला लावणं, हे तिने मला फर्नेससमोर उभं असताना समजावून सांगितलं. "प्लीज डोंट डू धिस टू मावशी," ती म्हणाली. मी म्हटलं, फर्नेस ठीक आहे.

ऑक्टोबरचा शनिवार होता. मेपलची झाडं पेटल्यासारखी लाल झाली होती. ताई सकाळीच तयार होऊन बसल्या. पारव्या रंगाची रेशमी साडी, वर लांब कोट, हातमोजे. केस स्वतः विंचरले होते. गेल्या वर्षभरात त्यांना असं मी पाहिलं नव्हतं. सुनेत्रा माझ्याकडे न बघता गाडीत मागे बसली.

केंब्रिजची पाटी आली तशी ताई पुढच्या सीटवर सरसावून बसल्या. "केंब्रिज!" त्या म्हणाल्या. मग ऑक्सफर्ड काउंटीची हिरवी पाटी आली. त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. मी आरशात सुनेत्राकडे विजयी मुद्रेने पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"पण काय हो नंदकुमार," ताई एकदम म्हणाल्या, "तुम्ही गाडी उजवीकडून चालवताय."

हा प्रश्न मी अभ्यासलेला नव्हता. "हे लोक युरोपात गेले ना, ताई," मी म्हटलं. "तिकडे सगळे उजवीकडून चालवतात. मग यांनीही बदललं."

"आता बाहेर पडतायत ते युरोपातून," मागून सुनेत्रा म्हणाली. ती बातम्या बघते.

"म्हणून तर म्हटलं लवकर जाऊन येऊ," मी म्हणालो. "परत डावीकडे व्हायच्या आत."

ताईंना ते पटलं. मला माझ्या बुद्धीचं इतकं कौतुक वाटलं की मी पुढचा एक्झिट चुकलो. त्यामुळे लंडनची पाटीही ताईंना दाखवता आली.

डॉर्चेस्टरला पोचलो तर चर्चच्या आवारात टेबलं मांडलेली, त्यांवर लाल भोपळे, मधाच्या बाटल्या, गोधड्या, सफरचंदाचं गोड सारण भरून भाजलेले 'पाय'. आणि कुंपणावर हाताने रंगवलेली मोठी पाटी: फॉल बाझार. मी देवबीव फार मानत नाही, पण त्या क्षणी हात जोडले.

"बाजार!" ताई म्हणाल्या. "बघ सुनेत्रा, बुधवारच आहे."

त्या टेबलांमधून फिरल्या. भोपळ्यावर टिचकी मारून पाहिली, मध चाखला, एका म्हातारीशी विणकामाच्या टाक्यांवर बोलल्या. त्यांचं इंग्रजी स्वच्छ होतं, जुन्या रेडिओवरचं. म्हातारीने विचारलं, कुठून आलात? ताई म्हणाल्या, "आम्ही इथलेच. बेकरीच्या वर राहतो." म्हातारी म्हणाली, इथे बेकरी कधीची बंद झाली. ताई म्हणाल्या, "आज बंद असेल. बाजार आहे ना." आणि दोघीही समाधानाने हसल्या.

पुढचं मला सोपं वाटायला लागलं. रोमन खेळांचं मैदान म्हणून मी त्यांना पार्कमधलं बेसबॉलचं मैदान दाखवलं. कडेने मातीचा उंचवटा होता, त्यावर गवत होतं. ताई बराच वेळ बघत राहिल्या.

"बाकं नवी केलेली दिसतात," त्या म्हणाल्या.

"अॅल्युमिनियमची," मी म्हटलं. "गंजत नाहीत."

"रोमनांना गंजाची काय भीती!" मागून सुनेत्रा पुटपुटली. पण तिच्या आवाजात आता राग नव्हता. ताईंचा हात तिच्या हातात होता आणि ताई तिला लहानपणी चालवत असाव्यात तशी चालवत होत्या.

भिंत मात्र मिळेना. शेवटी एका हार्डवेअरच्या दुकानामागे, पार्किंगच्या टोकाला, दगडांचा एक जुना बांध दिसला. त्याला टेकून बर्फाची फावडी विक्रीला ठेवली होती. मी फावडी जरा बाजूला केली आणि म्हटलं, "ही घ्या ताई, तुमची भिंत."

ताईंनी हातमोजा काढला. दगडावर तळवा ठेवला. मी विनोद करायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

"इथेच उभे होतो," त्या म्हणाल्या. "माझा हात धरून त्यांनी असा भिंतीवर ठेवला. म्हणाले, ही सतराशे वर्षं टिकलीय, आपण निदान पन्नास तरी टिकू. मी म्हटलं, पन्नासच का? तर म्हणाले, बरं, साठ. बाजारात घासाघीस करतात ना, तसं." त्या हसल्या. "मी साठावर सोडलं. आणखी ताणायला हवं होतं."

सुनेत्राने तोंड फिरवलं. तिथे जवळपास नळ नव्हता.

माझ्या कानात धोक्याच्या शिट्टीसारखं काहीतरी वाजलं खरं. पण मी आनंदात होतो. ताई खूष, बायकोचा राग उतरलेला, पार्किंग फुकट. मी गाडी काढायला गेलो. सुनेत्रा बाजारात विसरलेली पिशवी आणायला धावली. "ताई, इथेच उभी राहा हं," असं ती सांगून गेली. ताई "हो" म्हणाल्या.

मी गाडी घेऊन आलो, तर भिंतीपाशी कुणी नाही.

रस्त्याच्या पलीकडे लाल विटांची एक जुनी, ऐसपैस इमारत होती. तिच्या काचेच्या दारातून पारव्या साडीचा काठ आत जाताना दिसला. मी पळत रस्ता ओलांडला. दारावर निळ्या अक्षरांत क्लिनिक असं लिहिलं होतं आणि त्याखाली एक गाय, एक कुत्रा आणि एक मांजर यांची चित्रं होती.

आत आठ-दहा खुर्च्या, त्यांवर माणसं आणि माणसांच्या मांडीवर, पायाशी, पिंजऱ्यात जनावरं. ताई काउंटरपाशी ताठ उभ्या होत्या. काउंटरमागे साखळीचा चष्मा लावलेली एक पन्नाशीची बाई कॉम्प्युटरवर टाइप करत होती. ताईंनी "मिस्टरांसाठी आलेय" म्हटलं असणार आणि तिने ते एखाद्या पाळलेल्या बोक्याबद्दल समजलं असणार, असा माझा नंतरचा तर्क आहे. कारण मी पोचलो तेव्हा संवाद बराच पुढे गेला होता.

"विश्वनाथ. व्हॉट अ ब्यूटिफुल नेम," बाई म्हणत होती. "अँड द ब्रीड?"

ताई जराशा संकोचल्या. मग म्हणाल्या, "कऱ्हाडे."

"आय हॅव नेव्हर सीन वन! मोठे असतात का?"

"थोडे असतात," ताई म्हणाल्या. "पण हुशार."

"खाणंपिणं व्यवस्थित?"

"ड्यूटीवर असले की दुपारचं जेवत नाहीत."

"परक्या माणसांशी कसा वागतो?"

"परक्यांशी उत्तम. माझ्या वडिलांशी जमत नाही."

बाईने टाइप करता करता वर पाहिलं. ताईंच्या मागे उभं राहून मी दोन्ही हातांनी काय खुणा केल्या ते आता आठवत नाही. एक कुत्रा भुंकला एवढं आठवतं. बाईने माझ्याकडे पाहिलं, ताईंच्या नीट विंचरलेल्या केसांकडे पाहिलं, आणि तिची बोटं थांबली. "माय मॉम वॉज द सेम," ती हळूच मला म्हणाली. मग ताईंना म्हणाली, "हॅव अ सीट, डिअर. आम्ही पाचपर्यंत उघडे आहोत."

ताई माझ्याकडे वळल्या. "चार वाजता त्यांची ड्यूटी संपते. मी रोज घ्यायला येते. कुठे आहेत डॉक्टर?"

आता या ठिकाणी दुसरा कुणीही माणूस असता तर गप्प बसला असता. पण सकाळपासून माझी प्रत्येक थाप खपली होती. जिभेला सवय लागली होती.

"ऑपरेशन चालू आहे, ताई," मी म्हणालो.

"मग थांबू या," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन लांबलं की बाहेर आल्यावर त्यांना कुणीतरी ओळखीचं दिसावं लागतं."

त्या खुर्चीवर बसल्या आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांनी आपली पर्स ठेवली. एक माणूस भलं मोठं कुत्रं घेऊन आला आणि ती खुर्ची रिकामी आहे का म्हणून विचारू लागला. "सॉरी," ताई म्हणाल्या, "माझे मिस्टर यायचेत." तो उभा राहिला.

आतलं दार उघडलं. हिरव्या कपड्यांतली डॉक्टरीण बाहेर आली. ताई उठून उभ्या राहिल्या. डॉक्टरणीने एका मुलीच्या हातात तिचं मांजर दिलं आणि ती परत आत गेली. ताई बसल्या. थोड्या वेळाने पुन्हा दार उघडलं, ताई पुन्हा उठल्या, पदर सारखा केला. एक म्हातारा बँडेज बांधलेलं कुत्रं घेऊन गेला. ताई बसल्या. पुन्हा दार. पुन्हा ताई.

मी हे डॉर्चेस्टर उभं केलं होतं. बाजार केला होता, मैदान केलं होतं, भिंत केली होती. त्या गावात डॉक्टर असणारच, हे मला सुचलं नव्हतं. ते गाव ताईंना रोमनांसाठी हवं नव्हतंच.

सुनेत्रा शोधत शोधत आली. हातात पिशवी, पिशवीत सफरचंदाचा पाय. तिने खुर्चीवरची पर्स पाहिली आणि माझ्याकडे आली.

"काय सांगितलंत तिला?"

"ऑपरेशन चालू आहे म्हणून."

ती ओरडेल असं मला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पिशवी माझ्या हातात दिली, ताईंसमोर गेली आणि त्या थंड फरशीवर, गुडघे दुखत असताना, खाली बसली. ताईंचे दोन्ही हात हातांत घेतले.

"ताई, भाऊजी यायचे नाहीत."

"उशीर होणार का?"

"भाऊजी गेले, ताई. पुष्कळ वर्षं झाली."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून त्यांनी जे जे विचारलं त्याला माझ्याकडे उत्तर होतं. मी पायाकडे बघितलं.

"कुठे?" ताई म्हणाल्या.

"विनिपेगला. घरीच."

"थंडी होती?"

"फेब्रुवारी होता."

"मला कुणी कळवलं नाही गं."

"तू होतीस, ताई. तूच होतीस जवळ. त्यांचा हात तुझ्या हातात होता. मी दुसऱ्या दिवशी पोचले, तेव्हा तू मला दारातच सांगितलंस, शेवटचं पाणी मी दिलं."

"मी दिलं?"

"तूच."

कुणाच्या तरी पिंजऱ्यातलं मांजर बारीक आवाजात ओरडत होतं, ते ताई ऐकत राहिल्या.

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या.

आणि मग त्या रडल्या. वीस वर्षांपूर्वीचं नव्हे, आत्ताचं, ताजं रडू. तेव्हा विनिपेगमध्ये त्या रडल्या नव्हत्या. आल्यागेल्याचा चहा बघत होत्या. आता हळूहळू त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. सुनेत्रा उठून त्या खुर्चीवर बसली. दोघी बहिणी एकमेकींना धरून बसल्या, आणि खोलीतली माणसं आपापल्या जनावरांच्या डोक्यांवरून हात फिरवत मुकाट्याने खाली बघत राहिली. काउंटरवरच्या बाईने टिश्यूचा डबा आणून ठेवला. अशा ठिकाणी तो तयारच असतो.

शेवटी जे सांगायचं ते माझ्या फजितीचं आहे, म्हणून ताईंचं आधी सांगून टाकतो. त्यानंतर त्या कधी डॉर्चेस्टरचं नाव काढणार नाहीत, असं मला वाटलं होतं. दुसऱ्याच दिवशी चहाच्या वेळी त्या म्हणाल्या, "मला एकदा तिथे ने ना गं. ते वाट बघत असतील." पण सुनेत्रा वॉशरूमकडे गेली नाही. खुर्ची ओढून शेजारी बसली आणि तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं: फेब्रुवारी, हात, पाणी. ताई म्हणाल्या, "मी होते ना जवळ? मग ठीक आहे." पुढे ते रोजचंच झालं. कधी रडायच्या, कधी नाही. एकदा हिवाळ्यात म्हणाल्या, "सुनेत्रा, तू फार छान सांगतेस. पुन्हा सांग." मार्चमध्ये, बर्फ वितळायच्या आधी, त्या झोपेतच गेल्या. सुनेत्रा जवळ होती.

नंतरच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं इंग्लंडला गेलो, खऱ्या डॉर्चेस्टरला. रोमनांचं गोल मैदान बघितलं. त्याला अॅल्युमिनियमची बाकं नाहीत. खडे जोडून काढलेली नक्षी बघितली. भिंतीचा तुकडा खरंच एवढासा आहे, पाहता पाहता संपतो. त्यावर हात ठेवून सुनेत्रा बराच वेळ उभी होती. मग मला म्हणाली, "तुमची मोठी होती." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या एखाद्या कामाबद्दल ती इतकं चांगलं कधी बोलली नव्हती.

तर, त्या शनिवारचं. क्लिनिक बंद व्हायची वेळ झाली. सुनेत्रा ताईंना हाताला धरून गाडीकडे घेऊन गेली. काउंटरवरच्या बाईचे आभार मानायला मी मागे थांबलो. तोंड उघडलं आणि माझ्या घशातून भलताच आवाज आला. कुणाला दिसू नये म्हणून मी भिंतीकडे वळलो. भिंतीवर कुत्र्यांच्या पोटातल्या जंतांचा तक्ता होता. सफरचंदाचा पाय छातीशी धरून, त्या जंतांकडे बघत, मी हमसाहमशी रडलो. आकडसासूसाठी रडलो, साडूसाठी रडलो. मला पहिला कोट आठवत होता.

खांद्यावर एक जडसा हात पडला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला, एखादा शेतकरी असावा असा आडदांड म्हातारा उभा होता. काखेत पिंजरा, त्यात कोंबडी.

"लॉस्ट हिम, बडी?" त्याने विचारलं.

मी मान हलवली. डॉक्टर गेलेच होते.

"हाऊ ओल्ड वॉज ही?"

"सिक्स्टी," मी हुंदके देत म्हणालो.

म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. त्याच्या चेहऱ्यावर गणित दिसत होतं. कुत्रा नाही. मांजर नाही. घोडासुद्धा नाही. मग एकदम उजेड पडला आणि त्याने मोठ्या आदराने विचारलं,

"पॅरट?"

आता त्या बिचाऱ्याला मराठी कुठून येणार? पण दिवसभरात मी जे काही केलं होतं, त्याचा इतका अचूक निकाल घरच्यांनीही कधी दिला नव्हता. मी डोळे पुसले.

"येस सर," मी म्हणालो. "पोपट. पार पोपट."